उजव्या बाजूचा सूर्य

आमच्या घरातला देव हा सगळा मंडळींच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, वाट्याचा होता, हे मी आधीच कबूल करतो. मी लातूरजवळच्या मुरुडचा. बत्तीस वर्षं बसवर कंडक्टर होतो. देवळाच्या दारात शेकडो वेळा गाडी थांबवली असेल, पण माणसं उतरवली की माझी घंटी वाजलीच. हात जोडायला कधी खाली उतरलो नाही. उलट हिच्या नेमाची मी आयुष्यभर टिंगल केली. हे सांगताना आज लाज वाटते, पण ते लपवून पुढचं सांगता येणार नाही.

हिचा नेम असा की सूर्यनारायणाचं दर्शन झाल्याशिवाय अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही. आमची एकुलती एक लेक तीन वर्षांची असताना तापानं फणफणली होती. लातूरच्या दवाखान्यात बारा दिवस झाले तरी ताप उतरेना. तेराव्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या अंगणात उभं राहून हिनं सूर्याला सांगितलं, "माझी लेक मला दे. तुला बघितल्याबिगर मी अन्नाला शिवायची न्हाई." लेक उठली. तेव्हापासून नेम सुरू झाला तो मोडलाच नाही. पावसाळ्यात झड लागली की दुपारचे दोन-तीन वाजायचे, तरी ही अंगणात उभी. मी म्हणायचो, "अगं, तुझा देव गोधडी घेऊन झोपलाय, आन् तू इथं उपाशी मरून राहिलीस." ती हसायची, पण घास घ्यायची नाही. पुढं साखरेचा आजार जडला, पोटात इन्शुलिनची सुई सुरू झाली. डॉक्टर ओरडले, मी ओरडलो. तिनं एवढंच केलं की सुईसुद्धा सूर्य बघितल्यावरच घ्यायची आणि मग जेवायचं.

गेल्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर जावईबापूंचा अमेरिकेतून फोन आला. लेकीला आठवा महिना होता. आम्ही पुढच्या महिन्यात जाणारच होतो. पण तिचं ब्लड प्रेशर एकदम चढलं होतं, डॉक्टर म्हणत होते बाळंतपण कधीही करावं लागेल, दोघांच्याही जिवाला धोका आहे. हिनं फोन कानाला लावला, तर पलीकडून लेक फक्त "आई, ये" एवढंच म्हणाली. मग तिकिटांची पळापळ झाली. दिल्लीहून मध्यरात्रीनंतर विमान सुटणार होतं आणि पुढं सोळा तास कुठंही थांबणार नव्हतं. जावयानं विचारलं, "मामा, खिडकी कोणत्या बाजूची घेऊ? मामींना सूर्य दिसला पाहिजे ना."

आता हा प्रश्न मला विचारणं म्हणजे सुताराला रंधा धरता येतो का विचारण्यासारखं होतं! कोणत्या रस्त्याला कोणत्या वेळी कोणत्या बाजूला ऊन येतं, हे मला झोपेत विचारा. लातूरहून सकाळी नांदेडला निघा, ऊन उजवीकडं. संध्याकाळी परत या, तरीही उजवीकडंच. म्हाताऱ्याकोताऱ्यांना मी हात धरून डाव्या बाजूला बसवायचो आणि लोक दुवा द्यायचे. तोच तोरा मिरवत मी जावयाला सांगितलं, "अमेरिका पश्चिमेला. गाडी पश्चिमेकडं तोंड करून चालणार. या दिवसांत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, म्हणजे डावीकडं. डोळे झाकून डावी बाजू घ्या." जावयानं बिचाऱ्यानं डावीच घेतली.

विमान सुटलं तेव्हा बाहेर काळोख होता. ही खिडकीशी बसली, मी शेजारी. तिनं रात्रभर डोळ्याला डोळा लावला नाही. मनगटावरच्या घड्याळात आपल्या गावचे सहा वाजले तेव्हा मी सुई काढली. म्हटलं, "सव्वासहाला उगवतोच. घेऊन टाक, म्हणजे तो दिसला की लगेच जेवशील. तिकडं लेक वाट बघून राहिली, तू आजारी पडून चालायचं न्हाई." ती नको म्हणत होती. मी आवाज चढवला. लेकीच्या काळजीनं ती अर्धी झाली होती, भांडायला तिच्यात बळच नव्हतं. तिनं सुई घेतली. माझ्या हातून आयुष्यात झालेली ती सगळ्यात मोठी चूक.

सव्वासहा झाले, साडेसहा झाले, सात वाजले, तरी बाहेर रात्रच! विमान पश्चिमेकडं पळतं तशी सकाळही लांबते, हे मला कोण सांगणार? मी घड्याळाकडं बघायचो, खिडकीतून बघायचो. सगळं विमान झोपलेलं, बाकी सगळ्या खिडक्यांचे पडदे खाली ओढलेले. सव्वासातला हिच्या कपाळावर घाम आला. हात थरथरायला लागले. सुई टोचलेली आणि पोटात अन्न नाही, साखर उतरत होती. मी पिशवीतली साखर काढून पुढं केली, तिनं ओठ मिटून घेतले. विमानातल्या नोकरीवरच्या मुलीला खाणाखुणा करून मी फळांचा रस मागवला. तिनं लगेच आणून दिला, आणि हिची अवस्था बघून ती डॉक्टर कुणी आहे का बघायला पळाली. हिनं रसाकडं बघितलंसुद्धा नाही. मी पाया पडायचा तेवढा राहिलो होतो. म्हटलं, "अगं बाई, घोटभर घे. देव काय रागावतो का?" ती अडखळत म्हणाली, "रागवायचा न्हाई वो. पन लेकीसाठी बोललेले हाय मी. आज तिचा जीव टांगलेला, आन् आजच शब्द मोडू?"

मग मी जे केलं ते सांगायलाही जीभ रेटत नाही. पंखाच्या टोकाला एक तांबडा दिवा होता. त्याच्याकडं बोट दाखवून मी म्हणालो, "तो बघ, उगवला." तिनं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. "तीस वर्सं रोज बघून राहिले मी त्याला. मला वळखू यायचा न्हाई का?" एवढं बोलून तिनं डोळे मिटले आणि पुटपुटायला लागली, "नारायणा, नारायणा." आवाज खोल चालला होता.

बाहेर राखेसारखा उजेड दिसायला लागला होता, पण सूर्य कुठंच नव्हता. तिचा हात माझ्या हातात होता, थंडगार आणि ओला. त्या घडीला माझ्यातली सगळी अक्कल संपली. रस्ते, दिशा, वेळापत्रक, सगळं. मी मनात म्हणालो, "बाबा, मला तुझ्याशी बोलायची सवय नाही. तुझी टिंगल केली ती मी, हिनं नाही. बाजू चुकली ती माझी, सुई टोचली ती मी. मला काय ते कर, पण हिला वाचव." आयुष्यातली माझी पहिली प्रार्थना ती. हात जोडलेले नव्हते, कारण हिचा हात सोडायचा धीर नव्हता.

तेवढ्यात समोरची भिंत तांबडी झाली. आमच्या खिडकीशेजारची. मला कळेना हे काय. वळून बघितलं तर पलीकडच्या, उजव्या रांगेत एका म्हाताऱ्या बाईनं खिडकीचा पडदा वीतभर वर केला होता आणि तिथून उन्हाची तिरीप सगळ्या माणसांच्या डोक्यांवरून आडवी आमच्यापर्यंत आली होती. तो तिथं होता! आपण ज्याला पश्चिमेचा रस्ता समजलो तो खरं तर उत्तरेकडं झुकून, पृथ्वीच्या माथ्याकडं चालला होता, आणि सूर्य उजवीकडं नुकताच वर आलेला होता.

मी ओरडलोच, "माय, पडदा लावू नका!" घाईत मराठीतच ओरडलो. ती बाई चमकून म्हणाली, "कोन हाय? मराठी माणूस हाय का?" डोक्यावर पांढरी ओढणी, मनगटात कडं. नांदेडची शीख बाई होती, सारा जन्म तिथंच गेलेला. मी चार शब्दांत सांगितलं. ती पुढचं काही न विचारता उठली, आपली जागा मोकळी केली, आणि आम्ही दोघांनी मिळून हिला धरून पलीकडं नेलं. आभाळाच्या काठावर मोठा, तांबडा गोळा टेकलेला होता. हिनं थरथरते हात जोडले. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मीही त्या वाटेत, परक्या माणसांच्या गर्दीत, हात जोडून उभा होतो आणि लहान पोरासारखा रडत होतो. म्हाताऱ्या मायनं पिशवीतून गुरुद्वाऱ्यातल्या प्रसादाचे बत्तासे काढले आणि एकेक करून हिच्या तोंडात घातले. मागून रसही पोटात गेला. एक डॉक्टर आले, त्यांनी साखर तपासली, आता भीती नाही म्हणाले. मी मायला विचारलं, सगळे झोपलेले असताना तुम्ही नेमका तेव्हा पडदा का उघडला? ती म्हणाली, "मला काय म्हाईत बाबा. सकाळच्या प्रार्थनेचा पाठ करायला बसले व्हते, हात गेला."

थोड्या वेळानं विमान पृथ्वीच्या माथ्यावरच्या अंधारात शिरलं तसा सूर्य पुन्हा मावळला आणि विमान उतरेपर्यंत रात्रच होती. विमानतळावर जावई रडत रडत हसत उभा होता. आम्ही आकाशात असताना लेकीची सुटका झाली होती. मुलगी झाली, वजनाला कमी म्हणून काचेच्या पेटीत ठेवली होती, पण दोघी सुखरूप होत्या. नेमकी कोणती वेळ, हे विचारायचा मला मोह झाला. मी विचारलं नाही. काही गोष्टी घड्याळाला लावून बघू नयेत एवढं मला कळलं होतं.

तिसऱ्या दिवशी त्या गावात सकाळपासून आभाळ गच्च भरलेलं होतं. दवाखान्यात लेकीच्या खाटेशी ही उपाशी बसलेली. लेकीला विमानातलं सगळं कळलं होतं. तिनं स्वतःचं जेवणाचं ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "आई, माझ्यासाठी घेतलेला नेम ना हा? मग मीच सोडवते तुला. तू जेवल्याशिवाय मी जेवणार नाही." ओली बाळंतीण. ही कितीतरी वेळ खिडकीबाहेरच्या ढगांकडं बघत राहिली. मला वाटलं, आता ही दोघींचा उपास घडवणार. पण तिनं सुई मागितली, ती टोचून घेतली, ताट पुढं ओढलं आणि पहिला घास लेकीला भरवून दुसरा स्वतः घेतला. तिनं माझ्या मनातलं ओळखलं असावं. घास गिळून ती म्हणाली, "इतकी वर्सं मी त्याला बघून जेवले. आता त्यानं मला बघितलं तरी पुरं."