खाली बसणारी

सुलभा समोरच्या माणसापेक्षा उंच कधी बसत नसे. दादरच्या तिच्या खोलीत येणाऱ्यासाठी वेताची खुर्ची असे, आणि समुपदेशक बाई स्वतः चटईवर. लोकांना तो साधेपणा वाटे. खरं कारण मला ठाऊक होतं, ती माझी विद्यार्थिनी. तुमच्या आजोबांच्या तेराव्याला आखूड केसांची एक बाई भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, आठवते? तीच.

काळाचौकीच्या चाळीत तिच्या आईच्या अंगात देवी येई. मंगळवारी आई चौरंगावर बसे, बायका खाली बसून गाऱ्हाणी सांगत आणि शाळकरी सुलभा मागे उदबत्त्या लावत उभी असे. एकदा मला म्हणाली, "बाई, बायका देवीच्या उत्तराआधीच हलक्या होतात. नुसतं सांगून. मला मागून दिसतं ना."

आई गेली, तरी मंगळवारी बायका आल्याच. त्यांनी सुलभाला चौरंगावर बसवलं. ती तेव्हा कॉलेजात होती. समोर एक सून होती, बाळ गेल्यापासून अन्नाला न शिवलेली. घसा गार पडला, एवढंच सुलभाला आठवे. मग तिच्या तोंडून आईचा आवाज आला, आईच्या मालवणीत. "तुझा काय चुकूक नाय, बाय."

सून त्या दिवशी जेवली. सुलभा मात्र पुन्हा चौरंगावर बसली नाही. मग शाळेत मला शोधत आली. "ते मी बोलले की आई, मला कळत नाही. दुसऱ्याच कुणी बोलायचं असेल, तर मी कुठे जायचं?"

मानसशास्त्र घे, असं मीच तिला सुचवलं. ती एम.ए. झाली, समुपदेशन शिकली, परळच्या एका इस्पितळात रुग्णांच्या नातेवाइकांजवळ कित्येक वर्षं बसली. चौरंग तिने गावी भावाकडे पाठवून दिला. पुढे स्वतःची खोली घेतली, तेव्हा म्हणाली, "बाई, मी ऐकते. उत्तर देत नाही. ते कुणाचं असेल, सांगता येत नाही."

गणपतीच्या विसर्जनानंतर दोनच दिवसांनी आजोबा गेले आणि त्यांचा चष्मा काही मिळेना. माझ्या घरात वस्तू हरवत नाहीत, तुम्हाला माहीत आहे. चष्म्याशिवाय त्यांना तिकडे दिसणार कसं, या एका विचाराने माझी झोप गेली. मी सुलभाकडे जाऊ लागले. विसरा, सावरा, असलं ती कधी बोलली नाही. पण मला ऐकवणारं नको होतं, ऐकणारंही नको होतं. मला त्यांचा आवाज हवा होता. एकदा मी तिला म्हटलंच, "माझ्यासाठी एकदा उंच बस." तिने माझा हात धरला. "बाई, हे सोडून काहीही मागा."

मग तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तिला जमिनीवर बसायला बंदी केली. मी गेले तेव्हा ती माझ्यासमोर खुर्चीत बसली होती. ऑपरेशनचंच काही सांगत होती, आणि मध्येच थांबली. हात गळ्याकडे गेला. मान किंचित डावीकडे कलली, आजोबांची कलायची तशी.

"मॉनिटर, चष्मा मखराच्या खोक्यात राहिला."

मला मॉनिटर म्हणत ते फक्त घरात. बाहेर कधीच नाही.

सुलभाने डोळे उघडले. चेहरा पांढरा पडला होता. "बाई, मी काही बोलले का?"

जन्मभर ती याच एका गोष्टीला भीत आली होती. "नाही गं," मी म्हटलं. "जरा डोळा लागला तुझा."

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. पुन्हा विचारलं नाही. थोड्याच दिवसांत दादरची खोली सोडून ती गावी भावाकडे राहायला गेली. चौरंग तिथेच आहे. तिचा फोन येतो. आम्ही हवापाण्याचं बोलतो.

गेल्या वर्षी आपण गणपती आणला नाही, त्यामुळे खोकं माळ्यावर तसंच आहे, आजोबांनी बांधलेल्या सुतळीसकट. यंदा तुम्ही येणार आहात. मखर तुम्हीच काढा. मी तेव्हा स्वयंपाकघरात असेन.