बर्फाचं वजन

नोकरीला लागल्यावर दोन वर्षं मी ख्राइस्टचर्चच्या ऑफिसात बसून डोंगराकडच्या तळ्यांत किती पाणी येईल याचे अंदाज बांधत होतो. या देशातली निम्म्याहून जास्त वीज पाण्यावर होते, त्यामुळे वीज साठवायची म्हणजे मुख्यतः पाणी साठवायचं. त्यातलं बरंचसं हिवाळाभर डोंगरावर बर्फ होऊन पडलेलं असतं. ते मोजायला कुणीतरी वर जातं एवढं मला माहीत होतं.

तिसऱ्या वर्षी, सप्टेंबरात, इथला हिवाळा सरताना, मला पाठवलं. सोबत साठीला आलेली एक सहकारी होती. तिने उमेदीची सगळी वर्षं याच कामात घालवली होती. हेलिकॉप्टरने आम्हाला वर सोडलं. खांब रोवलेल्या दहा जागा ठरलेल्या होत्या. प्रत्येक खांबापाशी पोकळ नळी जमिनीला टेकेपर्यंत बर्फात दाबायची, भरलेली नळी काट्याला टांगायची, वजन वहीत लिहायचं; त्यावरून बर्फात पाणी किती ते कळतं. पहिले पाच खांब तिचे, पुढचे माझे.

आठवा खांब अगदी धारेवर होता आणि उतार गोठून निसरडा झाला होता. ती बरीच मागे होती. मी घाबरलो. बाराएक पावलं खाली, खळग्यात नळी दाबली आणि तोच आकडा आठव्यापुढे लिहून टाकला.

दहावा झाल्यावर तिने वही पाहिली.

"आठवर एवढा बर्फ? वारा तिथे टिकू देत नाही."

"खांबापाशी नाही घेतलं," मी म्हणालो. "घसरेन असं वाटलं."

"मग जागा रिकामी सोडायची."

ती चिडली नव्हती. आठव्याखाली परत आल्यावर तिने पिशवीतून दोर काढला, एक टोक कमरेला बांधलं, दुसरं माझ्या हातात दिलं आणि नळी घेऊन स्वतः धारेवर गेली. तेवढ्यात रेडिओवर पायलट म्हणाला, ढग येताहेत. "दहा मिनिटं थांब," तिने कळवलं. वजन माझ्या आकड्याच्या निम्मंही भरलं नाही. माझा आकडा तिने एका रेघेने खोडला, खाली नवा लिहिला आणि शेजारी माझी सही घेतली. मला लाज वाटली.

घरी लेकीने विचारलं, "डिड यू मेक अ स्नोमॅन?"

"नाही," मी म्हणालो.

त्या उन्हाळ्यात तळी भरली नाहीत आणि कोळशावरचं केंद्र जास्त दिवस चालवावं लागलं. माझ्या एका आकड्याने अंदाजात फारसा फरक पडला नसता, हे मी नंतर गणित करून पाहिलं. ऑफिसात तो कागद त्या सहकारीला दाखवलाही.

तिने कागद नीट वाचला. "बरोबर आहे," म्हणाली आणि जेवायला गेली.