बाबांची बॉयलरची परीक्षा

कॉलेजात सध्या एकच चर्चा असते. नुसतं बी.ए. पुरेल का, की सोबत टायपिंग-शॉर्टहँडचं सर्टिफिकेटही घ्यावं? वर्गातली मुलं मलाही विचारतात. मी सहसा विषय बदलतो. सर्टिफिकेटबद्दल मला जे थोडंफार कळलं ते अकोल्याच्या एका जिनात कळलं, आणि ते सांगायचं तर स्वतःची चूकही सांगावी लागते.

माझे वडील जिनिंग फॅक्टरीत, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या जिनात, बॉयलरवर होते. दिवाळीनंतर कापूस आला की जिन सुरू व्हायचं आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी बंद पडायचं. मग सगळ्यांना घरी पाठवत. बाकीचे महिने बाबा दुसऱ्यांच्या शेतांत कामाला जात. बॉयलर चालवायला सरकारी सर्टिफिकेट असलेला माणूस लागतो. तसा माणूस जिनात होता, पण त्याचं सर्टिफिकेट तेवढं चौकटीत बसवून बॉयलरच्या खोलीत टांगलेलं असे. तो स्वतः बहुतेक वेळ जठारपेठेत, आपल्या घरी. बॉयलर बाबाच चालवत. बारा वर्षं त्यांनी तो चालवला.

मी मॅट्रिक होऊन अमरावतीला कॉलेजात गेलो, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात त्या सर्टिफिकेटवाल्या गृहस्थांनी काम सोडलं. जिनातले मिस्त्री मालकाचा निरोप घेऊन घरी आले.

"बायलरची सेकंड क्लासची परीक्षा दे. पास झाला तं बारमाही पक्की नोकरी. नाई तं मालक नागपूरवरून सर्टिफिकेटवाला आणते, अन् तू त्याच्या हाताखाली लाकडं टाकशीन."

"मले लिवता कुठी येते?" बाबा म्हणाले.

"लिवाचं नाई, तोंडी हाये. अन् तुह्या घरात कॉलेजवाला हाये ना? का नुस्तीच इस्त्री करते तो?"

माय चुलीपाशी हसली. मला मात्र आनंद झाला. घरात माझ्या शिक्षणाचा उपयोग होईल असं काम पहिल्यांदाच आलं होतं.

मिस्त्रींनी एक इंग्रजी पुस्तक दिलं. त्यात प्रश्न आणि त्यांची उत्तरं होती. डिक्शनरी घेऊन मी पंधरा दिवस बसलो. कॉलेजात आम्ही गाईडवरून टिपणं काढतो तशीच काढली. सारखे वाटणारे प्रश्न एकत्र केले, उत्तरं लहान केली. बाबांना पाठ करायला सोपं जावं एवढाच हेतू होता. मी वाचत असे आणि बाबा डोळे मिटून म्हणत. कधीकधी ते मध्येच थांबून माझ्याकडे पाहत.

"हे असंच हाये का पुस्तकात?"

"असंच आहे बाबा."

"बरं," म्हणून ते पुढचं म्हणायला लागत.

परीक्षा नागपूरला होती. बाबा मिस्त्रींबरोबर गेले आणि नापास होऊन आले. काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. मिस्त्रींनी एवढंच सांगितलं, "साहेबानं पहिलाच सवाल इचारला, अन् यानं असा जवाब देला का साहेब म्हने, तू बायलर चालवतं का उडवतं?"

मला वाटलं, बाबा घाबरले असतील.

दिवाळीनंतर मालकाने खरोखरच नागपूरहून माणूस आणला. वयाने माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल. तो स्टुलावर बसे आणि बाबा भट्टीत लाकडं टाकत. मिस्त्रींनी मालकाकडून एक कबूल करून घेतलं होतं. पुढच्या परीक्षेत बाबा पास झाले तर जागा त्यांची, नाहीतर नागपूरवाला पक्का.

नाताळच्या सुट्टीत घरी आलो तेव्हा मी पहिल्यांदा जिनात जाऊन बसलो. त्याआधी कधी गेलो नव्हतो, खरं सांगायचं तर जावंसं वाटलं नव्हतं. बॉयलरच्या तोंडाशी काचेची एक उभी नळी असते. आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. ती पाहून मला माझ्या टिपणांतला पहिला प्रश्न आठवला, आणि सहज विचारलं, "बाबा, या काचेत पाणी दिसेनासं झालं तर काय करता?"

"पंप लावत नाई," बाबा लगेच म्हणाले. "पह्यले आग दाबाची. ओली राख टाकाची आगीवर."

"पंप काहून नाही?"

"तापल्या तव्यावर पानी टाकून पाह्य, मंग समजन. अन् इथं तं तवा घराएवढा हाये. फुटला तं जिनाची भिंत बी नाई राह्यची."

माझ्या टिपणात लिहिलं होतं, 'ताबडतोब पंप सुरू करावा.' रात्री ट्रंकेतून पुस्तक काढून पाहिलं. तिथे दोन वेगळे प्रश्न होते. पाणी कमी झालं पण काचेत दिसतंय, तर पंप लावायचा. पाणी काचेत दिसतच नाही, तर पंपाला हात लावायचा नाही. दोन्ही प्रश्न पाण्याचेच म्हणून मी त्यांचं एक उत्तर करून टाकलं होतं.

सकाळी मी बाबांना ते सांगितलं.

"मले मालूम होतं," ते म्हणाले.

"मग नागपूरला तसं काहून सांगितलं?"

"तू म्हनला पुस्तकात हाये. मले वाटलं, परीक्षेत पुस्तकाचंच सांगा लागते. आपलं काय, आपलं हातचं हाये."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. बारा वर्षांत त्यांच्या हातून एकदाही चूक झाली नव्हती, आणि माझ्यावर विश्वास ठेवून त्यांनी साहेबासमोर बॉयलर उडवला होता.

मग मी टिपणं बाजूला ठेवली. सुट्टीभर संध्याकाळी फक्त प्रश्न वाचत गेलो. बाबा आपल्या बोलीत उत्तर देत आणि मी ते पुस्तकाशी ताडून पाही. दोन-तीन ठिकाणी फरक निघाला, तिथे आम्ही मिस्त्रींना विचारलं. बाकी सगळं त्यांना येतच होतं.

दुसऱ्या खेपेला बाबा पास झाले. सर्टिफिकेट आलं तेव्हा मायने ते हातात घेऊन विचारलं, "याच्यात तुमचं नाव कुठी हाये?" मी बोट ठेवून दाखवलं.

नागपूरवाला गेला. त्याला काम येत नव्हतं असं नाही, पण तो गेला. या उन्हाळ्यात जिन बंद पडलं आणि सगळे घरी गेले, तेव्हा बाबा रोजच्या वेळी डबा घेऊन निघाले. बॉयलर थंड झाला होता. आत शिरून पाण्यातल्या क्षारांची धरलेली पापडी खरवडण्याचं काम होतं. संध्याकाळी ते पांढरे होऊन घरी आले आणि जेवताना मला म्हणाले, "तुहं बी.ए. झाल्यावर तुले कोनी असं समोर बसवून इचारन काय?"

"नाही. पेपर लिहायचे असतात."

"मंग तुले येते का नाई, हे त्याइले कसं समजन?"

बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि मायला वरण मागितलं.

टायपिंगच्या परीक्षेत मशीनवर बसून टाइप करून दाखवावं लागतं. परवा मी त्या वर्गात नाव घातलं.