तेलाच्या डब्यातला आवाज

कुठलीही वस्तू दिसली की काका आधी तिला बोटांची पाठ लावून बघायचे. चहाचा कप, माझ्या स्कूटरचं इंजिन, पाहुण्यांच्या तान्ह्या बाळाचं कपाळ. मग निकाल द्यायचे, "तापलंय" किंवा "न्हाय तापलं." उभा जन्म दूध संघाचं शीतगृह सांभाळण्यात गेल्यामुळे त्यांच्या लेखी जगाचे एवढेच दोन प्रकार होते. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आमच्या वाट्याला आलेले काका कोल्हापुरात, राजारामपुरीत आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे.

निवृत्तीनंतर त्यांनी गॅलरीत हौशी रेडिओचा सेट मांडला होता. स्वतः जोडलेला, पाच वॅटचा. देवघरातला बल्ब तेवढाच असतो. एवढ्या ताकदीवर ते दर रविवारी सकाळी आसामातल्या मित्राशी बोलायचे. मित्र मूळचा इकडचाच, मुरगूडचा, म्हातारपणी मुलाकडे राहायला गेलेला. मुलानं त्याला दणकट सेट घेऊन दिला होता, त्यामुळे त्याचा आवाज आमच्या जिन्यापर्यंत यायचा. काकांचा तिकडे पोचतो का, हा प्रश्न होता.

"फाइव्ह नाइन, मर्दा! खणखणीत!" मित्र दर वेळी सांगायचा. फाइव्ह नाइन म्हणजे या मंडळींत पैकीच्या पैकी मार्क.

"खोटं बोलतंय," काका सेट बंद करून म्हणायचे. "पाऊस हाय का इचारलं, तर म्हणतंय, व्हय, आत्ताच जेवलो."

फोन करून विचारा की, असं मी एकदा सुचवलं.

"फोनवरच बोलायचं हुतं तर परीक्षा दिऊन परवाना कशाला काढला असता?" काका म्हणाले. मित्राचंही तेच मत होतं. त्यामुळे फोन राहिला.

शेवटी आवाजाची ताकद वाढवणारा ॲम्प्लिफायर काकांनी घरीच बांधायला घेतला. शाहूपुरीतून ट्रान्झिस्टर यायचे आणि जळायचे. एक जळला की काका त्याला बोटांची पाठ लावायचे, "गेलं," म्हणायचे आणि चहा मागायचे. ट्रान्झिस्टर थंड ठेवायला ॲल्युमिनियमचा पात्यापात्यांचा ठोकळा लागतो. तो बाजारात तयार मिळतो, पण कोल्हापूरच्या माणसाला ओतून घेतल्याशिवाय कुठलीही वस्तू खरी वाटत नाही. उद्यमनगरातल्या एका ओळखीच्या फाउंड्रीवाल्यानं पंप ओतायच्या सवयीनं तो ओतला. गुळाच्या ढेपेएवढा झाला. स्कूटरवरून आणताना माझ्या पायांना जागा उरली नाही. त्यानंतर मात्र एकही ट्रान्झिस्टर जळला नाही.

चाचणीसाठी काकांनी रंगाच्या रिकाम्या डब्यात तेल भरून त्यात रेझिस्टर बुडवले होते. खटका डब्याकडे केला की सगळी ताकद हवेत न जाता तेलात जिरायची आणि डबा तापायचा. खरंच बोलायचं असेल तर खटका अँटेनाकडे. शनिवारी काकांनी डबा मनासारखा तापवला आणि मला म्हणाले, "उद्या या. उद्या सोक्षमोक्ष."

रविवारी मी आणि काकू मागे खुर्च्या टाकून बसलो. काका बराच वेळ बोलले. गुडघा, गल्लीतली खबरबात, ठोकळ्याची सगळी कथा. मग म्हणाले, "आता खरं सांग. येतोय का आवाज?"

पलीकडून लगेच उत्तर आलं, "फाइव्ह नाइन, मर्दा! खणखणीत!"

काकांनी सवयीनं डब्याला बोटांची पाठ लावली आणि ती तशीच ठेवली. डबा तापला होता. खटका कालपासून तिकडेच राहिला होता. ऐकण्याची तार वेगळी असल्यानं मित्र ऐकू येत होता, पण काकांचा एक शब्दही गॅलरीबाहेर गेला नव्हता. सगळं तेलानं ऐकलं होतं.

मित्र पुढे बोलतच होता. त्याला काही ऐकू येत नव्हतं, बहुधा कधीच येत नसावं. तो अंदाजानं थांबायचा आणि अंदाजानं मार्क द्यायचा. इकडच्या माणसानं बोलणं सोडू नये, एवढ्यासाठी. काका आता भडकणार, असं मला वाटलं. त्यांनी फक्त खटका फिरवला.

"आरं, मी हाय," ते म्हणाले.

पलीकडे नुसती खरखर. मग हळूच आवाज आला, "आरं... तुजा आवाज म्हातारा झालाय की रं."

काकू पदर डोळ्यांना लावत आत गेल्या. मलाही रडू आलं, आणि फार बरं वाटलं.

त्या दिवसापासून मार्क कमी झाले. "आज फाइव्ह सेव्हन," असं मित्र सांगायचा आणि काका ते जिन्यात भेटेल त्याला अभिमानानं सांगत सुटायचे.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. मित्राला मी फोनवर कळवलं. तो एवढंच म्हणाला, "बरं."

रविवारी काकू अजून मला वर बोलावतात आणि सेट लावतात. आमच्यापैकी कोणाकडे परवाना नाही, त्यामुळे आम्ही नुसतं ऐकतो. मित्र ठरल्या वेळी काकांना हाक मारतो. काकांना बोलायला लागायचा तेवढा वेळ गप्प राहतो. मग म्हणतो, "फाइव्ह नाइन, मर्दा. खणखणीत."

काकू डब्याला बोटांची पाठ लावून बघतात. "न्हाय तापला," म्हणतात, आणि पुढचं ऐकत बसतात.