लॅपटॉपला तारप्याचं मेण

माझ्या लॅपटॉपची बिजागरी कुणी मोडली असं विचारलं, तर अख्ख्या पाड्याकडे बोट दाखवावं लागेल. नाशिकला डी.एड. करताना घेतलेला तो जुनाच लॅपटॉप. शिकून मी पोशेऱ्याजवळच्या आमच्या पाड्यावर परत आले आणि लोक माझ्याकडे फॉर्म भरायला येऊ लागले. जातीचा दाखला असो की घरकुलाची यादी, आपलं नाव ‘आत’ गेलं की नाही हे प्रत्येकाला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असायचं. मग “मना दाव” म्हणत स्क्रीनचा उजवा कोपरा धरायचा आणि आपल्याकडे ओढायचा. ज्यांना वाचता येत नाही ते जास्त जोरात ओढायचे. मी ओरडायचे, पण माझं ओरडणं पाड्यात कुणी मनावर घेत नाही.

एप्रिलमधल्या एका गुरुवारी झाकण उघडलं आणि कट्ट असा आवाज झाला. उजव्या बिजागरीजवळचं प्लास्टिक चिरलं, फट उघडली आणि स्क्रीन मागे कलंडली. नेमका शनिवारी सकाळी अकराला माझा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. लहान मुलांच्या गोष्टी आमच्या बोलीत आणायच्या, घरी बसून करायचं काम. पाड्यावर राहून करता येणारी नोकरी म्हणजे आमच्याकडे उंबराचं फूल. ती हुकली तर मला ठाण्याला कुठल्यातरी मॉलमध्ये दिवसभर उभं राहावं लागणार होतं आणि बाबा घरात एकटे पडणार होते. आई गेल्यापासून आम्ही दोघंच आहोत.

शुक्रवारी सकाळच्या जीपने जव्हार गाठलं. दुकानदाराने लॅपटॉप उलटासुलटा करून पाहिला.

“ताई, स्क्रू धरून ठेवणारी जागाच तुटलीय. वरचं कव्हर बदलावं लागंल. नाशिकवरून मागवतो, आठ दिवस धरा.”

“मला उद्या पाहिजे.”

“मग उद्यापर्यंत त्याला हात लावू नका.”

असला सल्ला ऐकायला मी चौघांच्या सीटवर सहावी बसून गेले होते.

घरी येऊन मी लॅपटॉप आपटायच्याच बेतात होते, तेवढ्यात बाबांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. बाबा तारपे बनवतात, फुंकून वाजवायचे. वाळलेला दुधी, त्यात बसवलेल्या बांबूच्या नळ्या आणि सांधे बुजवायला रानातल्या पोळ्याचं मेण. त्यांनी बिजागरीवरून अंगठा फिरवला आणि हसले.

“एवढीशीच फट? तारप्याला याच्याहून मोठी रहते.”

मी तेव्हाच थांबवायला हवं होतं. पण माझ्या शिक्षणातल्या कुठल्याच गोष्टीला त्यांना आजवर हात लावता आला नव्हता. मार्कशीट दाखवली की ती दोन्ही हातांनी धरायचे आणि तशीच परत द्यायचे. आता त्यांना कळेल असं काहीतरी मोडलं होतं. त्यांचा चेहरा बघून माझा राग गेला आणि मी चूल पेटवून दिली.

बाबांनी निखाऱ्यावर मेण नरम केलं, फटीत दाबलं, ओल्या बोटाने गुळगुळीत केलं. स्क्रीन ताठ उभी राहिली. मग त्यांनी बिजागरीवर फुंकर मारली आणि कान लावून ऐकलं.

“हवा जात नाय,” त्यांनी जाहीर केलं.

मी पोट धरून हसले. हवेचं सोडून बाकी काही तपासायचं मात्र दोघांनाही सुचलं नाही. तारपा भात कापून झाल्यावर, थंडीच्या दिवसांत वाजतो. लॅपटॉप एप्रिलमध्ये पत्र्याखाली चालणार होता आणि स्वतःही तापणार होता.

शनिवारी नेटसाठी मोबाईल दारातल्या खिळ्याला टांगला, लॅपटॉप पत्र्याच्या पेटीवर ठेवला आणि समोर मी बसले. बाबा कोपऱ्यात श्वास रोखून. पहिली दहा मिनिटं झकास गेली. मग मधासारखा वास यायला लागला. स्क्रीन हळूहळू मागे जाऊ लागली. इंटरव्ह्यू घेणाऱ्या मॅडमना आधी माझं कपाळ दिसलं, मग घराचे वासे. मी काही बोलायच्या आत बाबा उकिडवेच सरकत लॅपटॉपच्या मागे गेले आणि त्यांनी स्क्रीन दोन्ही बाजूंनी धरली. मला फक्त त्यांची बोटं दिसत होती, मॅडमना तीही नाही.

“घरूनच काम का करायचंय तुम्हाला?” मॅडमनी विचारलं.

याचं उत्तर मी पाठ केलं होतं. स्थानिक बोली, समाजाशी नातं वगैरे. पण ती बोटं बघून सगळं विसरले आणि तोंडातून खरं तेच निघालं.

“मी नाशिकला होते तेव्हा बाबा रोज संध्याकाळी फोन करायचे. ‘मी जेवलो,’ एवढंच सांगायचे. जेवलेले नसायचे. एकट्यासाठी चूल पेटवायचा त्यांना कंटाळा. आता ते जेवतात की नाही हे मला समोर बसून बघायचंय. मला त्यांच्याशिवाय करमत नाही, मॅडम.”

स्क्रीन थरथरायला लागली.

“अहो, तुमच्याकडे भूकंप होतोय का?”

“नाही मॅडम. वडील आहेत. बिजागरी तुटलीय, त्यांनी मागून धरलंय.”

मॅडम हसायच्या थांबेचनात. मग म्हणाल्या, “बाबा, हात दुखले असतील ना?”

मागून आवाज आला, “नाय मॅडम, चालू द्या. मी हाय.”

अर्धा तास ते तसेच बसले. पाठीमागे नाचणीचा डबा ठेवला असता तरी भागलं असतं, हे आम्हाला संध्याकाळी सुचलं. शेवटी मॅडम म्हणाल्या, “पुढच्या सोमवारपासून सुरू करा,” आणि कॉल बंद झाला.

“बाबा, सोडा आता. नोकरी मिळाली!”

बोटं हलली नाहीत. मी वाकून पाहायला गेले तर त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

“थांब जराशी. मेण नरम हाय अजून.”

मी थांबले.

“मी जेवलेला नसायचो,” शेवटी ते मागूनच म्हणाले, “ता तुला कसा कळला?”