पांढरा पट्टा

सत्तेचाळीसच्या ऑगस्टात मी नवेगाव बांधाच्या पलीकडच्या एका खेड्यात शाळामास्तर होतो. धाकटी बहीण माझ्याकडेच राहायची. लग्नाला दीड वर्ष होतं न होतं तोच तिचा नवरा तापाने गेला आणि सासरच्यांनी दोन पांढरी लुगडी देऊन तिची बोळवण केली. तेव्हापासून ती बारशाला नाही, हळदीला नाही. विहिरीवरसुद्धा बाकीच्या बायका पाणी भरून गेल्या की मगच जायची.

सौंदडच्या स्टेशनावरून कुणीतरी आणलेल्या वर्तमानपत्रात नव्या झेंड्याचं चित्र होतं. शाळेवर झेंडा लावायचं ठरलं, पण कापड कंट्रोलमध्ये, रेशनवर मिळेल तेवढंच. केशरी पट्टा गावचे जमीनदार असलेल्या मालगुजारांच्या जुन्या फेट्यातून निघाला, हिरवा एका पोलक्याच्या खणातून. पांढरं काही मिळेना. बहिणीने पेटीतलं न नेसलेलं दुसरं लुगडं काढलं आणि मी हो-नाही म्हणायच्या आत पदराकडून वीतभर पट्टा फाडला. ते आधीच आखूड होतं.

चक्रासाठी तिने वाटी उपडी ठेवून वर्तुळ आखलं. निळ्या दोऱ्याने आरे भरले ते तेवीसच झाले. सगळे उसवले. मग कागदाची घडी घालून आठ भाग पाडले, एकेकात तीन आरे घेतले आणि चोवीस बसवले. झेंडा चढताना तरी मला येता येईल ना, असं तिने त्या दिवसांत मला दोनदा विचारलं. मी म्हटलं, तूच शिवलास, तू नाही तर कोण येणार?

गावात काही नवं व्हायचं तर आधी मालगुजारांना दाखवायचं, अशी रीत होती. आदल्या दिवशी दुपारी मी झेंडा घेऊन गेलो. चक्राचं काम त्यांना फार आवडलं. एवढं पांढरं कापड आणलं कुठून, असं त्यांनी सहज विचारलं. मी मूर्ख, छाती फुगवून सांगितलं की बहिणीच्या लुगड्यातलं आहे. त्यांनी हात मागे घेतला.

"गुरुजी, विधवेचं लुगडं गावाच्या डोक्यावर चढवून राहिले तुम्ही?"

त्याच सकाळी चौथीच्या वर्गाला मी पांढऱ्या रंगाचा अर्थ शिकवला होता. सत्य, शांती. त्यातला एक शब्द मला तिथे आठवला नाही असं नाही. सगळे आठवले. पण माझी नोकरी त्यांच्या शब्दावर होती आणि मी मुळातच भित्रा माणूस. त्यांनी घरातून नवं धोतर मागवलं. शिंप्याने माझ्यासमोर मधला पट्टा उसवला, धोतराचा लावला. त्यावर शाईने चक्र मी काढलं, माझ्या हातांनी. घरी काही बोललो नाही.

सकाळी उघडीप होती. भाताची रोवणी टाकून बायाबापड्या आल्या होत्या. बहीण सगळ्यांच्या मागे उभी राहिली, पण आली. झेंडा वर जाऊन उलगडला. तिने वर पाहिलं आणि मी खाली पाहिलं. पुन्हा नजर वर केली तेव्हा ती तिथे नव्हती. मग मी तिन्ही रंगांवर भाषण केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घरी ती चुलीपुढे बसली होती. शिंप्याकडून खिशात घालून आणलेला तिचा पट्टा मी काढून तिच्यापुढे ठेवला. कोणी काय म्हटलं ते तिने विचारलं नाही. गावाची रीत माझ्यापेक्षा तिला जास्त कळत होती.

"भाऊ, ते बोलले ते बोलले," ती म्हणाली, "तू काऊन नाही बोलला?"

मी हात धुवायच्या निमित्ताने बाहेर गेलो. आता विचारायला ती नाही.

आखूड लुगडं पुरेना, म्हणून तिने निळा दोरा काढून तो पट्टा पदराला परत जोडला. सुईची भोकं मात्र बुजली नाहीत. डोक्यावर पदर घेतला की चक्राचा तो वाटोळा माग बरोबर माथ्यावर यायचा. ते लुगडं तिने विरेपर्यंत नेसलं. तिने वाढलेलं जेवून मी रोज शाळेत जायचो आणि पोरांना झेंड्याचे रंग शिकवायचो.