आल्टोचा बाक

आमच्या डोंगरकण्यावरच्या चर्चमध्ये पियानो नाही, ऑर्गन नाही. जूनच्या चौथ्या रविवारी चार आवाजांसाठी चार बाजूंनी बाक मांडायचे, मधली जागा मोकळी सोडायची आणि घसा बसेपर्यंत गायचं. पुस्तकात सुरांना आकार आहेत: त्रिकोण फा, गोल सोल, चौकोन ला, हिरा मी. आधी आकार गायचे, मग शब्द. गोड गळ्याचं इथे कुणाला कौतुक नाही.

मी टेनरच्या पुढच्या रांगेत बसतो. बरोबर समोर आल्टोचा, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजाचा बाक. त्यावर चाळीस वर्षं मी तीन बहिणी पाहिल्या: ओझेला, रूबी नेल आणि मध्ये मिस डेल्फा गॅस्किन. गाण्याची चाल आम्हा टेनरकडे, म्हणून शहरातून येणारे हौशी लोक आमच्याच बाजूला कोंबलेले असतात. आल्टोच्या वाट्याला दोन-तीन सूर, तेच ते. मिस डेल्फांचा (आमच्याकडे वयाने मोठ्या बाईला लग्नानंतरही मिसच म्हणतात) नवरा हार्मन दफनाच्या वेळी बॅगपाइप वाजवायचा. तो म्हणायचा, "तुम्ही बहिणी म्हणजे माझ्या पाइपची एकसुरी घुमणारी नळी. एकदा सूर धरला की सोडायचं नाव नाही." बहिणी हसायच्या, मिस डेल्फा सगळ्यांत जास्त.

हार्मन गेला, मग रूबी नेल, आणि यंदा मार्चमध्ये ओझेला. मे महिन्यात मी काकड्या द्यायला गेलो, तर मिस डेल्फा स्वयंपाकघरात पुस्तक उघडून गात होत्या. गाणं माझं तोंडपाठ, तरी पटकन ओळखू येईना. नुसत्या आल्टोला चाल कुठली असणार? मला पाहून त्या थांबल्या. घरी गायलं की उलट जास्त एकटं वाटतं, म्हणाल्या. काकड्या ठेवून निघून आलो. माझं हे नेहमीचंच.

आमच्याकडे ज्याला हवं त्याने मध्ये उभं राहून, हाताने ठेका देत गाणं चालवावं. चारही बाजूंचे आवाज तिथे एकदम अंगावर येतात, त्याच्यासारखं सुख नाही. मिस डेल्फा मात्र कधीच उभ्या राहिल्या नव्हत्या. बहिणी उठायच्या, या बाक सांभाळायच्या. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत साठ वर्षं निघून गेली.

यंदा जेवणाआधी वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचली. प्रत्येकासाठी घरच्यांपैकी कुणीतरी एक गाणं चालवतं. आमचा अध्यक्ष हॉयट ओझेलाच्या नावाशी अडखळला. मिस डेल्फा उठल्या तर आल्टोला कुणीच उरत नव्हतं. दुसरं कुणी उभं राहील, असं त्याने हळूच सुचवलं.

"माझी बहीण आहे," त्या म्हणाल्या. "मीच उभी राहणार."

मध्ये येऊन, आम्हा टेनरकडे तोंड करून त्यांनी पानाचा आकडा सांगितला. आकार नीट पार पडले. शब्द सुरू झाले तशा त्या वळल्या, आमच्याकडे पाठ करून आपल्याच बाकाकडे पाहत उभ्या राहिल्या. बाकावर तीन उशा होत्या. तिन्ही त्यांनीच आणल्या होत्या. हाताचा ठेका चुकला नाही, पण त्या गात नव्हत्या. ऐकत होत्या.

जेवताना झाडाखाली मी त्यांच्याशेजारी बसलो आणि मध्ये उभं राहून कसं वाटलं ते विचारलं.

"साठ वर्षं वाटायचं, आमचं कुणाला ऐकूच जात नाही," त्या म्हणाल्या. "आज कळलं आम्ही कुठे होतो ते. तिथे एवढं मोठं भोक होतं."

त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हणालो, आल्टोची ती ओळ मलाही पाठ आहे, चाळीस वर्षं समोर बसून ऐकली आहे.

त्यांनी चमचा खाली ठेवला. "मग बाकावर आला का नाहीस?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. तेवढ्यात हॉयटने हाक मारली आणि सगळे आत गेले. त्या त्यांच्या तीन उशांमध्ये जाऊन बसल्या. मी दारात थोडा थांबलो, आणि सवयीने टेनरच्याच बाकावर बसलो.